गुग्गुळ: मागणी वाढली, झुडूप आटलं

कंबर धरली किंवा गुडघे कुरकुरायला लागले की आपल्याकडच्या कपाटातून ज्या डब्या बाहेर येतात, त्यांत योगराज गुग्गुळ हमखास असतो. पोट सुटलं की त्रिफळा गुग्गुळ, गाठीला कांचनार, लघवीच्या तक्रारीला गोक्षुरादी, वातरक्ताला कैशोर. वैद्यांना विचारलं तर ही यादी आणखी बरीच लांबेल. मात्र या सगळ्या गोळ्यांतला तो चिकट, काळपट डिंक ज्या झुडपातून येतो, ते प्रत्यक्ष पाहिलेला माणूस महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. कारण हे झुडूप थरच्या वाळवंटाच्या कडेचं आहे. कच्छच्या खडकाळ टेकड्या, सौराष्ट्राचा कोरडा भाग, अरवलीचे उघडे उतार, जैसलमेर-बाडमेरचा पट्टा आणि सीमेपलीकडे सिंध, बलुचिस्तान हे त्याचं घर.

२०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात केली. एखादी जात जंगलातून नामशेष ठरण्याच्या आधीची ही शेवटची पायरी. एवढ्या प्रतिष्ठेच्या वनस्पतीवर ही वेळ का आली, असं विचारलं की ‘हावरटपणे ओरबाडलं म्हणून’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ओरबाडणं इतर अनेक वनस्पतींच्या वाट्याला आलं आणि त्यांतल्या काही तगल्या. गुग्गुळ तगत नाही, कारण त्याचा वाढण्याचा वेग, त्याची प्रजननाची रीत आणि त्याचा चीक काढण्याची पद्धत ही तिन्ही एकमेकांवर उठलेली आहेत. या तिन्हींकडे एकत्र पाहिल्याशिवाय संवर्धनाच्या गप्पांना अर्थ नाही.

आधी झुडपाची ओळख. शास्त्रीय नाव कॉमिफोरा वाइटाय. जुन्या ग्रंथांत कॉमिफोरा मुकुल किंवा बाल्समोडेंड्रॉन मुकुल अशी नावं सापडतात. कूळ बर्सेरेसी, म्हणजे लोबानाच्या, सालईच्या कुळातलं. बाळंतिणीला आपल्याकडे जो हिराबोळ देतात, तो सोमालिया-अरबस्तानातला डिंक गुग्गुळाच्या सख्ख्या भावंडाचा. झुडूप साधारण दोन-तीन मीटर उंच, वेडंवाकडं, फांद्यांची टोकं काट्यासारखी. साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते आणि खाली हिरवी कातडी दिसते. ही हिरवी साल महत्त्वाची आहे. वर्षातले बरेच महिने हे झुडूप निष्पर्ण असतं. पावसाळ्यात तिपानी, बारीक पानं येतात आणि हवा कोरडी झाली की गळून जातात. त्या काळात थोडंफार अन्न सालीखालच्या हिरव्या थरातून तयार होतं. वर्षाला २००-३०० मिलिमीटर पाऊस, पायाखाली माती कमी आणि दगड जास्त, उन्हाळ्यात अंगावर ४५ अंशांचं ऊन. अशा ठिकाणी टिकायचं तर खर्च जपूनच करावा लागतो. म्हणून ते अतिशय हळू वाढतं. चीक काढण्याजोगी जाडी यायला आठ-दहा वर्षं सहज जातात.

प्रजननाची गोष्ट याहून विलक्षण आहे. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी, त्यांत के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम ही या क्षेत्रातली मोठी नावं होती, १९९६ साली दाखवून दिलं की गुग्गुळाच्या मादी झुडपाला फळं धरण्यासाठी परागकण लागतच नाहीत. फुलांवर पिशव्या बांधून परागकणांची वाट बंद केली तरी बी तयार होतं. जंगलात दिसणारी बहुतेक झुडपं मादीच; नर फारच विरळा. एका बीत एकाहून अधिक गर्भ असतात, आणि ते आईच्या पेशींतूनच उगवलेले असल्यामुळे आईची हुबेहूब नक्कल असतात.

वाळवंटाच्या हिशेबाने ही सोय उत्तम आहे. दूरदूर विखुरलेल्या झुडपांनी कीटकांची वाट पाहत बसायचं कशाला? पण या सोयीची किंमत आहे. एका टेकडीवरची शंभर झुडपं ही प्रत्यक्षात चार-पाच आयांच्या प्रती असू शकतात. टेकडी उजाड झाली की शंभर झुडपांबरोबर त्या आयांचे वंशही गेले, आणि शेजारच्या टेकडीवर ते सापडतीलच असं नाही. त्यात बियांची उगवण मुळातच कमी. रोपवाटिकेत काम करणारे काळ्या आणि पांढुरक्या बिया वेगळ्या करतात, कारण उगवतात त्या बहुतेक काळ्याच. उगवलेल्या रोपाला पुढे शेळ्या, वाळवी आणि पहिला उन्हाळा यांना तोंड द्यायचं असतं. म्हणजे जुनं झुडूप मेलं तर त्याच्या जागी नवं येणं हा जवळजवळ योगायोग.

आता चीक काढण्याकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

गुग्गुळाचा चीक सालीच्या आतल्या थरातल्या बारीक नलिकांतून वाहतो. साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत खोडाला आणि जाड फांद्यांना चिरा देतात. चिरेतून फिकट, दाट थेंब बाहेर येतो, हवेत ओघळतो, घट्ट होतो आणि दहा-पंधरा दिवसांनी खरवडून काढता येतो. एका झुडपातून एका हंगामात मिळून मिळून पाव ते अर्धा किलो. चीर सालीपुरती ठेवली, दोन हंगामांच्या मध्ये विश्रांती दिली, तर झुडूप तगतं. पण चीर सालीच्या खालच्या वाढीच्या थरापर्यंत गेली की जखम भरत नाही. पाव किलोवर समाधान मानणारा माणूस दुर्मीळ, कारण त्या टेकडीवर त्याचा सातबारा नसतो. आज त्याने हात आखडता घेतला तर उद्या दुसरा येऊन तोच चीक नेणार. तेव्हा कोयत्याने खोल घाव घालायचे आणि घावावर गुग्गुळाचाच चीक, मीठ, घोड्या-गाढवाचं मूत्र असलं काहीतरी घोटून लेप चोपडायचा, ही रीत कच्छ-सिंधमध्ये पसरली. लेपाने चीक भरभरून येतो. झुडूपही त्याच हंगामात किंवा पुढच्या वर्षी वाळून जातं.

या लेपाला अडाणीपणा म्हणून नाक मुरडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९८९ साली भट्ट, नायर आणि मोहन राम यांनी ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात एक सुधारित पद्धत मांडली. बारीक भोक पाडून त्यात इथेफॉन या रसायनाचं द्रावण सोडायचं. इथेफॉनपासून झाडात इथिलीन तयार होतं, झाडाला आपण जखमी झालोय असा निरोप जातो आणि चीक सुटतो. उत्पादन २२ पटींपर्यंत वाढल्याची नोंद त्यांनी केली. हेतू चांगला होता: कमी जखमेत जास्त चीक. गाढवाच्या मूत्राचा लेप आणि इथेफॉन यांची युक्ती मात्र तत्त्वतः एकच, झाडाला घाबरवून त्याच्याकडून जास्त काढून घेणं. मात्रा मोजून देणारा शास्त्रज्ञ आणि मिळेल तेवढं ओतणारा कंत्राटदार यांच्या हातात एकच बाटली गेली की परिणाम वेगळे होतात. सिंधमधल्या नगरपारकरच्या कारूंझर टेकड्यांत रासायनिक लेपांनी गुग्गुळाची झुडपं वाळल्याच्या तक्रारी तिथले लोक आणि कार्यकर्ते बरीच वर्षं करत आले आहेत. आठ-दहा वर्षं वाढलेलं झुडूप एका हंगामात संपतं आणि त्याच्या जागी दुसरं उगवत नाही. सगळ्या ऱ्हासाचं गणित एवढंच आहे. खाणकाम, चराई आणि कच्छमध्ये फोफावलेली परदेशी गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, यांनी त्यात भर घातली, पण मूळ घाव कोयत्याचाच.

एवढी मागणी आली कुठून? जुनी तर ती आहेच. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात गुग्गुळाच्या गंधाने यक्ष्मा पळतो असं म्हटलं आहे आणि सिंधूकडचा व समुद्राकडचा असे त्याचे दोन प्रकारही सांगितले आहेत. म्हणजे त्याची आयात तेव्हाही चालत असावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात सिंधूच्या मुखावरच्या बार्बरिकम आणि भडोच या बंदरांतून ‘डेलियम’ हा सुगंधी डिंक पश्चिमेकडे जात असल्याची नोंद आहे. तो बहुधा गुग्गुळच. ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथाने त्याचे महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य असे पाच प्रकार केले, त्यांतले दोन हत्तींसाठी, दोन घोड्यांसाठी राखले आणि सोनेरी हिरण्य माणसाला दिला. नवा गुग्गुळ अंग भरतो आणि जुना मेद खरवडतो, हेही त्याच परंपरेतलं. पण हजारो वर्षं हा वापर चालूनही झुडूप टिकून होतं. चित्र पालटलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याची सुरुवात एका प्रबंधापासून झाली.

बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचून एक धाडसी प्रश्न विचारला: हे वर्णन रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याच्या आजाराशी जुळतं का, आणि जुळत असेल तर गुग्गुळ त्यावर चालतो का? सशांवर प्रयोग करून १९६६ साली त्यांनी प्रबंध सादर केला. कोलेस्टेरॉल उतरत होतं. या सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. मग रसायनशास्त्रज्ञ पुढे आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी १९७२ साली डिंकातली स्टेरॉइड द्रव्यं वेगळी केली. गुग्गुलस्टेरॉन हे नाव जगभर गेलं ते पाषाणच्या त्या आवारातून. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा अर्क सिद्ध केला, त्याच्या चाचण्या केल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘गुग्लिप’ नावाने सिप्लाने तो बाजारात आणला. भारतीय चाचण्यांत कोलेस्टेरॉल वीसएक टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष होते. २००२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात टेक्सासमधल्या संशोधकांनी गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) अडवतं असं दाखवलं, तेव्हा तर आयुर्वेदाला अमेरिकेची मोहोर मिळाली अशा थाटात आपल्याकडे आनंद झाला.

तो आनंद वर्षभरच टिकला. २००३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाची चाचणी छापून आली. कोलेस्टेरॉल वाढलेली १०३ माणसं, आठ आठवडे, कुणाला काय दिलं हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. नकली गोळी घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल पाच टक्क्यांनी उतरलं आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचं चार-पाच टक्क्यांनी चढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. आपल्याकडच्या अनेकांनी ही चाचणी झटकून टाकली: आहार वेगळा, वंश वेगळा, अर्क वेगळा. या आक्षेपांत तथ्य असू शकतं. पण मग त्याच कसोटीची मोठी चाचणी आपण करायला हवी होती, आणि तशी निर्णायक चाचणी भारतातून आलेली नाही. माझं मत स्पष्ट आहे. कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाचा पुरावा आज कच्चा आहे आणि स्टॅटिनसारखी स्वस्त, तपासलेली औषधं हाताशी असताना त्यापायी एक अतिसंकटग्रस्त झुडूप कापण्याचं समर्थन होत नाही. सांधेदुखीतल्या वापराची गोष्ट वेगळी. तिथे परंपरेचा अनुभव मोठा आहे, पण चाचण्या तिथेही थोड्याच आहेत. गंमत अशी की शास्त्राने शंका घेतल्यावर मागणी घटायला हवी होती. प्रत्यक्षात चरबी घटवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींतून गुग्गुळ आजही डोकावतोच आहे.

पुरवठा आटला तशी भेसळ वाढली. काष्ठौषधींच्या दुकानात गुग्गुळ मागितला तर तपकिरी-काळे, एकमेकांना चिकटलेले खडे मिळतात. त्यांत सालीचे तुकडे, वाळू, कधी जनावराचे केस. बोटांत धरला की ऊब लागून तो मऊ पडतो आणि बोटांना सोडत नाही. जुन्या वैद्यांची परीक्षा साधी आहे: निखाऱ्यावर टाकला तर पेटावा, उन्हात ठेवला तर विरघळावा, गरम पाण्यात घोळला तर पाणी दुधाळ व्हावं. सालईचा डिंकही या परीक्षेत बराच पुढे जातो, आणि तो सातपुडा-मेळघाटातून मुबलक येतो. ‘सालई गुग्गुळ’ असं त्याचं नावच बाजारात पडलं आहे. बलुचिस्तानातून कॉमिफोरा स्टॉक्सियाना या जवळच्या जातीचा डिंक येत असे, आफ्रिकेतून आणखी एका भावंडाचा येतो. म्हणून डबीतला गुग्गुळ हा कच्छच्या झुडपाचा आहे की नाही, हे गोळी घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि बऱ्याचदा गोळी बनवणाऱ्यालाही नसतो.

खऱ्या गुग्गुळाचा मोठा वाटा अनेक दशकं सिंध-बलुचिस्तानातूनच येत होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं आणि मे २०२५ मध्ये तिथून येणाऱ्या, अगदी तिसऱ्या देशामार्गे येणाऱ्या मालावरही बंदी घातली. राजकारणाची बाजू बाजूला ठेवली तरी औषधी कारखानदारांसाठी अर्थ सरळ आहे: शेजाऱ्याच्या टेकड्या तोडून आपली गरज भागवण्याचा रस्ता बंद झाला. आता आपल्याच टेकड्यांवर नजर वळणार, नाहीतर लागवडीकडे.

लागवडीचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, अर्थात काझरीने, आणि आणंदजवळच्या औषधी वनस्पती संशोधन संचालनालयाने कलमं, अंतर, चीक काढणं यांवर काम केलं आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, ‘मरुसुधा’ हा वाण दिला. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने कच्छमध्ये ५०० ते ८०० हेक्टरांवर लागवडीचा प्रकल्प हाती घेतला. तंत्र अवघड नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बोटाएवढ्या जाडीचं, वीतभर लांबीचं कलम रेताड मातीत खोचायचं. मुळं बऱ्यापैकी धरतात. बियांपेक्षा हे कितीतरी सोपं, आणि म्हणूनच यात एक धोकाही आहे. कलम म्हणजे पुन्हा तीच आई. चार-दोन चांगल्या झुडपांपासून हजारो हेक्टर भरले तर आकड्यांत गुग्गुळ वाचेल आणि वैविध्यात तो आणखी गरीब होईल. कलमं कुठल्या कुठल्या टेकड्यांवरून घेतली, याची नोंद ठेवणं हे झाडं मोजण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

तरी शेतकरी पुढे का येत नाही? हिशेब करून पाहा. दोन मीटर अंतराने लावलं तर हेक्टरी २५०० झुडपं. आठ वर्षांनी प्रत्येकाने पाव किलो दिला तर सव्वासहाशे किलो. वाईट नाही. पण पहिली आठ वर्षं हातात काहीच नाही, अनुदान येतं ते सुरुवातीच्या लागवडीला, आणि ज्या वर्षी चीक निघायचा त्या वर्षी भाव काय असेल याची हमी कुणीच देत नाही. बाजारात भाव ठरवतो जंगलातला फुकटचा गुग्गुळ आणि सालईची भेसळ. अशा स्थितीत जिरायती शेतकऱ्याने एरंड किंवा गवार लावली तर त्याला दोष कसा देणार? लागवड अडली आहे ती खरेदीच्या कराराअभावी. मोठ्या औषध कंपन्यांनी आठ-दहा वर्षांच्या मुदतीने, ठरलेल्या भावाने, ठरलेल्या गावांकडून गुग्गुळ घेण्याचे करार केले आणि वनखात्याने टेकड्यांवरची चिराई गावांच्या समित्यांकडे सोपवली, तर पाव किलोवर समाधान मानणारा माणूस दिसू लागेल. नुसती बंदी घालून तो निर्माण होत नाही. बंदीने चीक रात्री निघतो, एवढंच.

आपल्या बाजूनेही दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. एक धुपाची. तिन्हीसांजेच्या धुपात, बाळ-बाळंतिणीच्या धुरीत, होमहवनात आपण गुग्गुळ जाळतो. ओवा, वावडिंग, राळ यांचा धूर त्या कामाला पुरतो, आणि गंधच हवा असेल तर ऊद आहे. अतिसंकटग्रस्त झुडपाचा आठ वर्षांचा चीक निखाऱ्यावर टाकण्याचं कारण मला तरी सापडत नाही. गुग्गुळ उरला आहे तेवढा वैद्याच्या खलासाठी राखावा. दुसरी गोष्ट डबीची. गोळ्यांच्या डबीवर घटकांचं प्रमाण छापलेलं असतं, पण डिंक कुठून आला, जंगलातून की लागवडीतून, याबद्दल सहसा एक अक्षर नसतं. पुढच्या वेळी योगराज गुग्गुळ घेताना दुकानदाराला आणि जमल्यास कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर एवढंच विचारा की हा गुग्गुळ लागवडीचा आहे का. उत्तर बहुधा मिळणार नाही. तरीही विचारत राहा.